आत्याचा भुंगेरा

आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या नावाने काही नाही. रस्ता नाही, शाळा नाही, बागेतलं बाकडंसुद्धा नाही. फक्त आत्याच्या नावाने एक भुंगेरा आहे. त्या जातीचा जगात एकच नमुना सापडला आणि तोही मेलेला. पण बाबा लग्नसमारंभात त्याची माहिती अशी देतात, की ऐकणाऱ्याला वाटावं हा मुलगा बँकेत मॅनेजर आहे.

आत्या संग्रहालयाच्या कीटक विभागात काम करते. वाळून कडक झालेले कीटक ओलसर डब्यात ठेवून मऊ करायचे, टाचणीवर लावायचे, सहाही पाय दोन्हीकडे सारखे पसरायचे आणि खाली तांदळाएवढ्या अक्षरांत चिठ्ठी टोचायची, हे काम ती एकतीस वर्षं करते आहे. तिच्या हातात चिमटा असला की कुणी शिंकत नाही. तिच्या बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर त्या भुंगेऱ्याचा मोठा फोटो आहे. लग्नाचा फोटो कपाटात आहे. आतोबा म्हणतात, तिथे धूळ कमी बसते.

त्याच विभागात मी संशोधन करतो. वशिल्याने लागलो असं सगळे म्हणतात, आणि सगळे बरोबर म्हणतात.

माझा विषय म्हणजे समुद्रातली पाच ज्वालामुखी बेटं आणि त्यांवरचे जमिनीवर पळणारे भुंगेरे. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसताच आडनावबंधू, हे शोधायचं. बेटं एका ओळीत आहेत. समुद्राच्या तळाशी एकाच जागी चूल पेटलेली आहे आणि तळ तिच्यावरून हळूहळू सरकतो आहे, त्यामुळे एक बेट तयार होऊन पुढे जातं, मग दुसरं. पहिलं बेट सगळ्यात म्हातारं, झिजून बुटकं झालेलं. पाचवं सगळ्यात तरुण, अजून डोक्यातून धूर काढणारं.

या भुंगेऱ्यांना उडता येत नाही. पाठीवरची दोन कवचं मधोमध चिकटलेली, आतले पंख नावापुरते. तरी नवीन बेट थंड झालं की शेजारच्या बेटावरून एखादा भुंगेरा कसातरी पोचतो आणि लाखभर वर्षांत त्याच्या खानदानाची वेगळी जात होते. म्हणून पाचव्या बेटावरचे भुंगेरे चौथ्या बेटावरच्यांचे जवळचे, चौथ्यावरचे तिसऱ्यावरच्यांचे. माणसं कशी, बिऱ्हाड बदललं तरी शक्यतो शेजारच्याच गल्लीत बदलतात, तसं.

आत्याचा भुंगेरा तेवढा या हिशोबात बसत नव्हता. तो सापडला पाचव्या बेटावर आणि दिसायचा थेट पहिल्या बेटावरच्या साध्या भुंगेऱ्यासारखा. फरक फक्त दोन. एक, तो चपटा होता. दोन, त्याच्या मानेच्या कवचावर एकही केस नव्हता.

सर, म्हणजे आमच्या विभागाचे तेव्हाचे प्रमुख, आता निवृत्त, यांनी त्यावर चाळीस पानं लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की फार वर्षांपूर्वी पहिल्या बेटावरून एक ओंडका समुद्रात पडला आणि त्यावर बसून हा भुंगेरा पाचव्या बेटावर आला. तिथे लाव्हाच्या अरुंद फटींत राहून राहून पिढ्यान्‌पिढ्या चपटा होत गेला. फटींत घासले जाऊन उपयोग उरला नाही म्हणून केसही गेले. ओंडका मधल्या तीन बेटांवर का थांबला नाही, यावर वेगळं एक पान आहे. ते मी चार वेळा वाचलं. प्रवाहाचा जोर, असं थोडक्यात म्हणता येईल.

त्या मोहिमेत आत्या मदतनीस म्हणून गेली होती. वय सव्वीस. उलट्या होत असतानाही तिने काम सोडलं नाही, म्हणून सरांनी जातीला तिचं नाव दिलं.

आता संग्रहालयात नवीन दालन तयार होत होतं. मधोमध काचेची पेटी, पेटीत आत्याचा भुंगेरा, खाली त्याच्या नावानिशी पाटी: ओंडक्यावरून चार बेटांपलीकडे. शुक्रवारी उद्घाटन होतं. बाबांनी नातेवाइकांतल्या बावीस जणांना बोलावलं होतं आणि कोट शिवायला टाकला होता.

त्याच सुमारास माझा निकाल आला.

वंशावळ काढायची तर प्रत्येक भुंगेऱ्याचा एक पाय लागतो. पायातून डीएनए काढायचा, त्यातली अक्षरं शेजारीशेजारी मांडायची, जितका फरक कमी तितकं नातं जवळचं. पाय घ्यायचा तो उजवा मधला, असा जगभरचा रिवाज आहे. का, ते कुणी सांगत नाही. आत्याच्या भुंगेऱ्याचा पाय आत्यानेच काढून दिला होता. "नीट वापर," म्हणाली, "त्याला आता पाचच उरलेत."

आठशे अक्षरं होती. आत्याचा भुंगेरा आणि पहिल्या बेटावरच्या उत्तरेकडच्या घळीतला साधा भुंगेरा यांच्यात फरक निघाला शून्य.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हात धुऊन परत कर."

परत केलं. शून्य. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः केलं. शून्य. इतकंच नाही, पहिल्या बेटावरच्याच दुसऱ्या घळीतले भुंगेरे या दोघांहून सहा अक्षरांनी वेगळे होते. म्हणजे शेजारच्या घळीतला परका आणि चार बेटांपलीकडचा सख्खा.

"लाखभर वर्षं वेगळे राहिले असते तर वीसेक अक्षरं तरी बदलली असती," मॅडम म्हणाल्या. "हा कधी निघाला असेल पहिल्या बेटावरून?"

"या आकड्यावरून तर परवाच."

"आपल्याकडे कधीपासून आहे?"

"एकतीस वर्षं."

"मग साधारण तेव्हाच," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडम चष्मा काढतात तेव्हा त्यांना काही बघायचं नसतं.

मी कपाटातून सरांची मोहिमेतली वही काढली. सरांचं अक्षर मुंग्यांनी सभा सोडून पळावं तसं आहे, पण वाचता येतं. बुधवार: उत्तरेकडच्या घळीतले सगळे पेले उचलले. बोट चारला सुटणार, घाई. गुरुवार: बोटीत. मदतनीस आजारी. शुक्रवार: पाचव्या बेटावर पेले पुरले. शनिवार: एका पेल्यात अपूर्व नमुना. आनंद.

ओंडका मधल्या तीन बेटांवर का थांबला नाही, ते मला कळलं. बोट थांबली नव्हती.

पेल्यांबद्दल सांगायला हवं. भुंगेरे पकडायला आम्ही प्लास्टिकचे साधे पेले जमिनीत कडेपर्यंत पुरतो आणि तळाशी थोडं व्हिनेगर ओततो. भुंगेरा फिरायला निघतो आणि आत पडतो. एवढंच आमचं शास्त्र. काम झालं की पेले धुवायचे, वाळवायचे आणि मगच एकात एक घालायचे. घाईत ओलेच एकात एक घातले, तर दोन पेल्यांच्या मध्ये एखादा भुंगेरा अडकून राहू शकतो. आणि शंभर पेल्यांची चळत दोरीने आवळली, की तो चपटाही होऊ शकतो, घासून मानेवरचे केसही जाऊ शकतात.

पण "होऊ शकतो" असं शास्त्रात चालत नाही. म्हणून मी संग्रहालयाच्या बागेतून आठ भुंगेरे पकडले, एकेकाला दोन पेल्यांच्या मध्ये घातलं, चळत दोरीने आवळली आणि पिशवीत घालून तीन दिवस बसने शहरभर फिरलो. समुद्राला पर्याय म्हणून रस्त्यांची कामं चालू असलेला भाग निवडला. तिसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडायला लावली.

"यात काय?"

"पेले."

"रिकामे?"

"आतून रिकामे. मधून भरलेले."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग वहीत लिहिलं: पेले, कीटक विभाग. आमच्या विभागातल्या लोकांना तो फार प्रश्न विचारत नाही.

आठांपैकी सहा भुंगेरे चपटे निघाले. सहाही जणांच्या मानेवर एकही केस नव्हता. लाखो वर्षांची उत्क्रांती मी तीन दिवसांत आणि एका मासिक पासावर करून दाखवली होती. उरलेले दोन वाटेत सुटले. ते कुठे आहेत मला माहीत नाही, पण बस बारा नंबरची होती.

निकाल पक्का झाला होता. आत्याची जात म्हणून जगात काही नव्हतंच. होता तो पहिल्या बेटावरचा एक साधा भुंगेरा, प्रवासात चेंगरलेला.

"तुझ्या आत्याला मी सांगू का?" मॅडमनी विचारलं.

"नको."

"मग तू सांग."

"कुणीच नाही सांगितलं तर? प्रबंधात चार बेटांचंच लिहितो. पाचव्यावर ढग होते म्हणतो."

"शुक्रवारी पाटी लागतेय," मॅडम म्हणाल्या. "आजवर ती चूक होती. आता आपल्याला माहीत असून लागली, तर लबाडी होईल. आणि आज मंगळवार आहे."

मी आत्याच्या खोलीत गेलो. खोली म्हणजे टेबल, दिवा, भिंग, आणि नाकाला झोंबणाऱ्या वासाच्या डांबरगोळ्या. ती एका भुंगेऱ्याची मिशी सरळ करत होती.

"आलास? बस. श्वास तिकडे सोड."

मी तिकडे श्वास सोडला. "आत्या, तुझ्या भुंगेऱ्याचा निकाल आला."

"मग? कोण निघाला सख्खा?"

"पहिल्या बेटावरचा."

"ते सरांनी तेव्हाच सांगितलेलं. तुला तीन वर्षं लागली."

"तसा सख्खा नाही. तोच. म्हणजे वेगळी जातच नाहीये, आत्या. तो मोहिमेच्या पेल्यांतून आला. दोन पेल्यांच्या मध्ये अडकून. चपटा झाला तो त्यामुळे."

चिमटा हलला नाही. तिने मिशी सरळ केली, मग दुसरी केली, मग चिमटा बाटलीत उभा ठेवला.

"दाखव."

मी तिला माझे सहा भुंगेरे दाखवले. तिने एकेक भिंगाखाली धरला. मग ड्रॉवरमधून स्वतःचा काढला आणि शेजारी धरला. बराच वेळ बघत होती. बाहेर कुणीतरी कपाट ओढत होतं, नवीन दालनासाठीच.

"हे तू कुठे चेपलेस?"

"बसमध्ये."

"पाय किती वाकडे लावलेस रे," ती म्हणाली. "जा आता. मला काम आहे."

बुधवारी ती माझ्याशी बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीत मी समोर बसलो, तर ती उठून भुंगेऱ्यांबरोबर जेवायला गेली. रात्री आतोबांचा फोन आला. आवाज अगदी बारीक केला होता.

"अरे, काय झालंय? हिने भुंगेऱ्याचा फोटो उतरवला."

"मग?"

"तिथे लग्नाचा लावला. मला भीती वाटतेय."

त्या रात्री मी एक पत्र लिहून काढलं, की नमुन्यांची अदलाबदल झाली असून निकाल रद्द समजावा. चांगलं जमलं होतं. सकाळी वाचलं तर त्यात सगळा दोष माझ्यावर येत होता आणि एकही शब्द खरा नव्हता. पत्र खिशात घालून मी कामावर गेलो, मॅडमना द्यायचं असं ठरवून.

गुरुवारी सर येतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गुरुवार त्यांनी निवृत्त केलेला नाही. मी पोचलो तेव्हा मॅडमच्या खोलीत सर खुर्चीवर होते, मॅडम उभ्या होत्या, आणि टेबलावर माझे सहा भुंगेरे होते. पुढे मॅडमनी मांडलेली आठशे अक्षरं. सरांनी सगळं वाचलं होतं, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

"ओंडका असू शकतो," सर म्हणाले.

"सर, शून्य फरक आहे," मॅडम म्हणाल्या.

"ताजा ओंडका असू शकतो."

"सर, नेमका त्याच बुधवारी?"

माझ्या मागून आत्या आत आली. हातात तिचा ड्रॉवर.

"ओंडका नव्हता, सर," ती म्हणाली. "घळीतले पेले मी उचलले होते. ओढ्यात बुचकळले आणि तसेच एकात एक घातले. वाळवले नाहीत. पाचव्या बेटावर सोडवताना दोन पेले निघेनात, ते मी गुडघ्यात धरून ओढले. मला चांगलं आठवतंय. तेव्हा लक्षात नाही आलं, एवढंच."

चाळीस पानं सरांच्या डोळ्यांपुढून जात असावीत, एक पान जास्त हळू.

"मी तुला सांगितलं होतं," शेवटी ते म्हणाले. "पेले वाळवल्याशिवाय भरायचे नाहीत. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"आणि बुधवारी काय सांगितलंत?"

"काय?"

"'आवर लवकर, बोट तुझी आत्या लागून गेलेली नाही थांबायला!' सगळ्यांसमोर ओरडलात. मला रडू आलं होतं. नाक पुसू की पेले?"

"बोट खरंच सुटत होती!"

"साडेपाचला सुटली. दीड तास तुम्ही नावाड्याबरोबर पत्ते खेळत होता."

मॅडमनी पुन्हा चष्मा काढला. सरांनी माझा एक चपटा भुंगेरा उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला.

"छान चपटे झालेत," ते म्हणाले. "मला वाटलं होतं फटींमुळे." मग थोड्या वेळाने, कुणाकडेही न बघता: "पत्त्यांत हरलो होतो."

ते उठले. दारात थांबून मॅडमना म्हणाले, "छापा. माझी परवानगी लागत नाही, पण विचारलीत असं लिहा." आणि गुरुवार असूनही अकरालाच घरी गेले.

मी खिशातलं पत्र आत्याला दाखवलं. तिने वाचलं.

"हे कशाला?"

"तुझं नाव राहावं म्हणून."

"गधड्या," ती म्हणाली. "एकतीस वर्षं मी चिठ्ठ्या लिहितेय. कुठे सापडला, कधी, कुणी पकडला. एकही खोटी नाही. एकच चुकली आणि तीही माझ्याच नावाची. त्यावर तू आणखी एक खोटी टोचणार?" तिने पत्राची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि टेबलाचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली घातली. "आणि दोन दिवस झोपले नाहीये मी, तेव्हा जास्त बोलू नकोस. तो लेख आण. आणि पाटीवरचं काय लिहिणार आहेस तेही."

लेख मी आधीच लिहून ठेवला होता, काळजीपूर्वक, कुणालाही लागणार नाही असा. ती लाल पेन घेऊन बसली. पहिली दोन पानं तशीच गेली. तिसऱ्या पानावर पेन थांबलं.

"हे काय? 'सदर नमुना मानवी हस्तक्षेपामुळे स्थलांतरित झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'"

"शास्त्रीय भाषा आहे."

"मानवी म्हणजे कोण?"

"कुणीही. माणूस."

"कुणीही कसं? पेले कुणी भरले?"

"तू."

"मग? भुंगेरा कुणी पकडला ते मुंगीएवढ्या चिठ्ठीवर नावानिशी लिहायचं, आणि कुणी चेपला ते लिहायचं नाही?" तिने 'मानवी हस्तक्षेपामुळे' वर आडवी रेघ मारली आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे हुद्दा, पुढे 'यांनी पेले न वाळवता भरल्यामुळे'. 'शक्यता नाकारता येत नाही' हेही खोडलं आणि 'झाला' असं लिहिलं. मग पानावरून हात फिरवत म्हणाली, "आणि वर लेखकांत मला दुसरी घाल. हा पुरावा माझा आहे. तू नुसता बसने फिरलास."

"मॅडम दुसऱ्या आहेत."

"त्यांना तिसऱ्या कर. त्या समंजस आहेत."

मॅडम समंजस निघाल्या.

पाटी शुक्रवारी दुपारी छापून आली. मधल्या पेटीत आता दोन भुंगेरे होते, आत्याचा आणि माझ्या बसमधला, शेजारीशेजारी, आणि मध्ये दोन पेले, एकात एक. माझ्या भुंगेऱ्याचे पाय आत्याने सकाळी पुन्हा लावून सरळ केले होते. संचालक आधी नाराज होते. पण पहिल्या दहा मिनिटांत पेटीपाशी इतकी गर्दी झाली, की ते लोकांना स्वतःच समजावून सांगायला लागले, आणि चुकीचं सांगायला लागले, म्हणून आत्याने त्यांना बाजूला केलं आणि स्वतः उभी राहिली. ओला पेला पेल्यात घालून, गुडघ्यात धरून, ओढून दाखवत होती. लोक पुन्हा पुन्हा दाखवायला सांगत होते.

बाबा नवीन कोटात आले, मागे बावीस माणसं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते आतोबांकडे दिलं होतं. बाबा पाटीसमोर उभे राहिले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचत गेले. आधी या भुंगेऱ्याला काय नाव दिलं होतं. ते नाव आता का रद्द झालं. चूक कुणाची, कुठल्या बेटावर, कुठल्या वारी.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, मी समजावतो."

बाबांनी हाताने मला थांबवलं आणि मागच्या मंडळींकडे वळले.

"आधीच्या पाटीवर हिचं नाव एकदाच येणार होतं," ते म्हणाले. "आता दोनदा आहे."